माणशी एक थालीपीठ

भाकरी ही आपल्या ताटाची मालकीण. तिच्या शेजारी कालवण, चटणी आणि कांदा आला की आपले जेवण झाले. आज आपण तिच्या शेजारच्या एका जिनसाविषयी बोलू. तो जिन्नस म्हणजे भाजणीचे थालीपीठ. तळहाताएवढे लहान, तव्यावर खमंग भाजलेले, भाकरीच्या किंवा आमटी-भाताच्या जोडीला तोंडी लावायचे.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, थालीपीठ आम्हांला काय शिकवता? आमची आजी करत होती, आई करत होती, आम्हीबी करतो." बरोबर आहे. थापण्याचा हात तुमचाच. आम्ही पडलो शाळामास्तर. तवा आमच्या हाती उशिरा आला. पण भाजणीत इतकी धान्ये का मिसळायची? ती वेगवेगळी का भाजायची? थालिपिठाला भोके का पाडायची? आणि घरातल्या कोणाला ते मिळायलाच हवे? हे आम्हांला जसे समजले, तसे तुम्हांला सांगावेसे वाटते.

दुष्काळातला तवा

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. वयस्क मंडळींना तो आठवत असेल. आम्ही तेव्हा लहान होतो. शेते करपली होती. विहिरींचे तळ दिसत होते. माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे. मिलो म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार. पण त्याची भाकरी मोडे. लेकरांना ती गोड लागत नसे.

आईने काय करावे? तिने घरातली मडकी झाडली. एका मडक्यात मूठभर हुलगे निघाले. दुसऱ्यात थोडी हरभऱ्याची डाळ निघाली. ते तिने तव्यावर भाजले, जात्यावर दळले आणि मिलोच्या पिठात मिसळले. परसातल्या शेवग्याचा पाला चिरून घातला. तिखट-मीठ घातले. लहान लहान थालिपिठे लावली. भाकरीसाठी तोंड फिरवणारे आम्ही भावंडे ती मागून मागून खाऊ लागलो.

आमची आई शाळेत गेली नव्हती. 'प्रथिने' हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. पण तिने जे केले ते शास्त्राला धरून होते. कसे ते पाहू.

एकाची उणीव दुसरा भरतो

आपले अंग रोज झिजते. ती झीज भरून निघावी लागते. लेकराचे अंग वाढावे लागते. या दोन्ही कामांना अन्नातली प्रथिने लागतात. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच हरभऱ्याच्या डाळीत सुमारे २१ ग्रॅम आणि उडदाच्या डाळीत सुमारे २३ ग्रॅम असतात. म्हणजे डाळीत दुपटीहून अधिक.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. प्रथिन म्हणजे जणू मण्यांची माळ. आपण जेवलो की शरीर ही माळ तोडते. मणी सुटे करते. मग आपल्याला हवी तशी नवी माळ ओवते. मणी अनेक जातींचे असतात. त्यांतला एका जातीचा मणी कमी पडला, की ओवणे तिथेच अडते.

ज्वारी, बाजरी, गहू आणि तांदूळ यांत 'लायसिन' नावाचा मणी कमी असतो. डाळीत तो भरपूर असतो. उलट, डाळीत 'मेथिओनिन' नावाचा मणी कमी असतो. धान्यात तो पुरेसा असतो. नुसती भाकरी खाल्ली तर एक मणी कमी. नुसती डाळ खाल्ली तर दुसरा कमी. दोन्ही मिळून खाल्ली की माळ पुरी होते. आपल्या वाडवडिलांनी वरण-भात, आमटी-भाकरी, खिचडी अशा जोड्या लावल्या, त्या उगाच नव्हेत.

दुसरी गोष्ट लोहाची. अंगात रक्त होण्यासाठी लोह लागते. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम असते. सडून पांढऱ्या केलेल्या तांदळात ते १ मिलिग्रॅमहूनही कमी असते. ज्वारी-बाजरीला आपण गरिबाचे धान्य म्हणून नाक मुरडू लागलो होतो. पण २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी साऱ्या जगासाठी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळायला सांगितले. जगाला कळले ते आपल्या कणगीत आधीपासून होते.

आमटीतली डाळ कुठे जाते?

आता एक घरगुती गोष्ट सांगतो. आमच्या शेजारी सहा माणसांचे एक घर आहे. सासू, सासरे, मुलगा, सून आणि दोन लेकरे. घर कष्टाळू आणि प्रेमळ. एके सकाळी सून घागर घेऊन येत होती. अंगणातच ती मटकन खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली. तिला सरकारी दवाखान्यात नेले. रक्त तपासले. रक्त फार कमी निघाले. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणही सुधारा म्हणून सांगितले.

संध्याकाळी सासूबाई आमच्याकडे आल्या. त्यांना फार लागले होते. म्हणाल्या, "गुरुजी, लोक म्हणतील सुनेला उपाशी ठेवली. पण देवाशपथ सांगते, तिच्या जेवणाला कुणी कधी टोकलं नाही. एकाच पातेल्यातली आमटी समदी खातो. मग हिलाच असं का व्हावं?"

आमची पत्नी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आक्का, पातेलं एकच हो. पण पळी आधी कुणाच्या ताटात जाते?"

सासूबाई गप्प झाल्या. आम्हीही गप्प झालो. कारण हिशेब सोपा होता. आधी घरातले पुरुष जेवतात. त्यांना पळी तळाशी घालून दाट आमटी वाढतात. मग लेकरे बसतात. मग सासू. सून सर्वांत शेवटी. तोवर पातेल्यात वरचे तिखट पाणी राहते. डाळ कधीच संपलेली असते. मग ती चटणी घेते, अर्धी भाकरी खाते आणि भांडी घासायला उठते. कोणी हे मुद्दाम करत नाही. पण रोज घडते ते असेच.

त्या रात्री आम्ही आमच्याच ताटाकडे पाहिले. उभा जन्म शाळेत गेला. 'चौरस आहार' हा धडा फळ्यावर किती वेळा लिहिला असेल! पण आमच्या स्वतःच्या घरात शेवटी कोण जेवते, आणि तिच्या ताटात काय उरते, हे आम्ही एकदाही पाहिले नव्हते. पत्नीला तसे म्हणालो. ती हसली. "आता विचारताय होय?" एवढेच बोलली. ते हसणे आम्हांला छडीपेक्षा जास्त लागले.

ही दोन घरांचीच गोष्ट नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. शंभरात सत्तावन! म्हणजे निम्म्याहून अधिक.

आता थालिपिठाचा गुण पाहा. आमटीतली डाळ तळाशी बसते. ज्याला आधी वाढले त्याला ती मिळते. भाजणीतली डाळ दळून पिठात मिसळलेली असते. ती कोणाला वेचून काढता येत नाही. पहिल्या थालिपिठात जेवढी डाळ, तेवढीच शेवटच्यात. जी शेवटी जेवते, तिच्याही घासात ती असतेच. म्हणून आम्ही या साध्या जिनसाची एवढी थोरवी गातो.

भाजणी कशी करावी?

मध्यम आकाराची एक वाटी मापाला घ्या. सगळे जिन्नस त्याच वाटीने मोजा.

ज्वारी ४ वाट्या.
बाजरी २ वाट्या.
गहू १ वाटी.
तांदूळ १ वाटी.
हरभऱ्याची डाळ १ वाटी.
सालीचे उडीद १ वाटी.
मूग, मटकी किंवा हुलगे, घरात असेल ते, १ वाटी.
धने अर्धी वाटी. जिरे २ चमचे.

म्हणजे ८ वाट्या धान्य आणि ३ वाट्या डाळी-कडधान्य. एखादा जिन्नस घरात नसेल तर अडून बसू नका. बाजरी नसेल तर ज्वारी वाढवा. रेशनचा गहू-तांदूळही चालतो. पण डाळी-कडधान्याच्या तीन वाट्या मात्र कमी करू नका. सारे बळ त्यांच्यात आहे.

धान्य पाखडा. खडे निवडा. बुरशी आलेला, काळा पडलेला किंवा कुबट वासाचा दाणा बाजूला काढा. "भाजल्यावर काय राहतंय?" असे म्हणू नका. बुरशीचे विष भाजून जात नाही.

मग लोखंडी कढईत किंवा तव्यावर मंद आचेवर भाजा. एकेक जिन्नस वेगळा भाजा. सगळे एकदम का नाही? कारण प्रत्येक दाण्याचा वेळ वेगळा. हरभऱ्याची डाळ भाजेपर्यंत जिरे जळून कोळसा होईल. जिरे भाजले म्हणून उतरवाल तर डाळ कच्ची राहील. भाजल्याची खूण ध्यानात ठेवा. ज्वारी तडतडू लागते. तांदूळ फुगून पांढरा होतो. डाळ तांबूस होते आणि खमंग वास सुटतो. धने-जिरे शेवटी, अगदी थोडा वेळ.

भाजायचे तरी कशाला? एक तर दाण्यातला ओलावा जातो. त्यामुळे पीठ लवकर खराब होत नाही. किडीची अंडी असतील तर ती मरतात. कडधान्याचा कच्चट वास जातो. पोटाला ते हलके होते. चव येते ती वेगळीच.

भाजलेले धान्य पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम दळले तर पिठाला घाम येतो आणि जाळी धरते. मग गिरणीतून थोडे जाडसर दळून आणा. कोरड्या डब्यात घट्ट झाकून ठेवा. डब्यात ओला हात किंवा ओला चमचा घालू नका. वर्षाची भाजणी एकदम करू नका. बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो. फार दिवस राहिली तर पिठाला कडवट खवट वास येतो. वर दिलेल्या मापाची भाजणी साधारण दीड किलो होते. आठवड्यातून दोनदा केली तर सहा माणसांच्या घराला महिनाभर पुरते.

थालीपीठ कसे लावावे?

सहा लहान थालिपिठांना दोन वाट्या भाजणी घ्या. तीत एक कांदा बारीक चिरून घाला. मूठभर पाला घाला. शेवग्याचा, मेथीचा किंवा कोथिंबिरीचा, मिळेल तो. तिखट, हळद, मीठ, चिमूटभर ओवा आणि चमचाभर तीळ घाला. चमचाभर तेल घाला.

कोमट पाण्याने पीठ मळा. ज्वारी-बाजरीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून थापताना काठ चिरतात. कोमट पाण्याने पीठ जरा धरून राहते. पाणी बेताबेताने घाला. मीठ लागले की कांद्याला पाणी सुटते. म्हणून पीठ मळून तासभर ठेवू नका. ते सैल पडेल. तवा चुलीवर ठेवा आणि मगच मळायला घ्या.

पिठाचे सारखे सहा गोळे करा. ओल्या फडक्यावर एक गोळा ठेवा. ओल्या हाताने थापा. भाकरीपेक्षा थोडे जाड राहू द्या. मध्ये एक आणि भोवती चार अशी बोटाने पाच भोके पाडा. तव्यावर थोडे तेल पसरा. फडके उचलून थालीपीठ तव्यावर उलटे टाका. फडके हलकेच सोडवा. भोकांत थेंब थेंब तेल सोडा.

भोके शोभेची नव्हेत. थालीपीठ जाड असते. भोकांतून तेल खालच्या बाजूला जाते. वाफेला वाट मिळते. मधला भाग कच्चा राहत नाही.

तव्यावर झाकण ठेवा. मंद आचेवर तीन-चार मिनिटे राहू द्या. वाफेने ते आतून शिजते. झाकण काढा. उलथन्याने काठ सोडवून पाहा. खालून तांबूस झाले असेल तर उलटा. दुसऱ्या बाजूला झाकण नको. झाकले तर ते मऊ पडेल. मोठा जाळ करू नका. मोठ्या जाळावर वरून करपते आणि आत पीठ राहते.

ताटात वाढताना लिंबाची फोड ठेवा. लिंबाच्या रसाने अन्नातले लोह अंगी लागायला मदत होते. चहा मात्र जेवणाला लागून घेऊ नका. चहाने लोह अंगी लागायला अडथळा होतो. तासभर थांबा, मग घ्या. लहान लेकरासाठी एका गोळ्यात तिखट घालू नका. थालीपीठ कुस्करून ताकात कालवून द्या.

गोळे मोजा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती पिठात नाही, मोजण्यात आहे.

घरात जितकी माणसे तितके गोळे करा. सहा माणसे असतील तर सहा गोळे. मोजताना करणारीला विसरू नका. आपल्या बायका घरातली माणसे मोजतात आणि स्वतःला वगळतात. सहाव्या माणसाचे थालीपीठ पाहुण्याला जाते, नाही तर रडणाऱ्या लेकराला जाते. म्हणून तिचे थालीपीठ आधी लावा आणि वेगळे झाकून ठेवा. पाहुणा आला तर सातवा गोळा करा. सहावा मोडू नका. घरात कोणी गर्भार असेल किंवा लेकराला अंगावर पाजत असेल, तर तिच्यासाठी दोन गोळे धरा.

थालीपीठ हे औषध नव्हे, हेही सांगतो. रक्त कमी असेल तर दवाखान्यात जाऊन तपासून घ्यावे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सांगितल्या तितके दिवस घ्याव्या. त्या मध्येच सोडू नयेत. गोळ्या दवाखान्याच्या आणि गोळे घरचे, दोन्ही लागतात.

शेजारच्या घरात आता आठवड्यातून दोन दिवस तवा चढतो. सुनेने दवाखान्यातल्या गोळ्या नेमाने घेतल्या. पुढच्या तपासणीत रक्त वाढलेले निघाले. परवा आम्ही सहज त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, सहा मोजलेस का? की पुन्हा पाचच?" सून म्हणाली, "सहा हायेत, आत्याबाई. माझं कवाच झाकून ठेवलंय." आम्हांला परीक्षेत पोरांना पैकीच्या पैकी गुण देतानाही एवढा आनंद झाला नव्हता.

आमच्या घरी आता आम्ही पत्नीला बरोबर घेऊनच जेवायला बसतो. पहिले काही दिवस दोघांनाही अवघडल्यासारखे झाले. आता सवय झाली आहे. कधी कधी थालीपीठ आम्ही लावतो. काठ अजून चिरतात. ती हसते आणि खाते.

हा धडा तुम्ही स्वतः वाचलात. आता तो घरी जाऊन मोठ्याने वाचून दाखवा. पुरुषांनो, तुम्ही तर जरूर वाचून दाखवा. आणि आज रात्री ताटावर बसण्याआधी एक प्रश्न विचारा, "तुझं वेगळं काढून ठेवलं का?"

उत्तर 'नाही' आले, तर आपल्या ताटातले अर्धे मोडून ठेवा. उद्यापासून गोळे नीट मोजा.